देवनागरी अक्षररचनेची सुरुवात : आधी मराठी ओळ लावा, रोमन नंतर

काळीशाई

टायपोग्राफी शिकायला लागलेल्या मुलामुलींना हेल्व्हेटिका आणि गॅरामॉण्ड हे इंग्रजी फॉन्ट वेगळे ओळखता येतात, कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर जुळवणं, कशाला म्हणतात तेही ठाऊक असतं. त्यांनाच 'विद्यार्थ्यांसाठी मोफत शिबिर' एवढी एक ओळ पोस्टरवर लावायला दिली की गाडी अडते. अक्षरं सुटी पडतात, रफार वरच्या ओळीला जाऊन भिडतो, नाहीतर मराठी ओळ इतकी बारीक दिसते की तिच्याखालची इंग्रजीच आधी वाचली जाते. यात मुलांचा दोष नाही. त्यांना मिळालेले धडे रोमन, म्हणजे इंग्रजीच्या, अक्षरांवर बेतलेले असतात आणि 'मराठीलाही हेच लागू करा' असं गृहीत धरलेलं असतं. ते लागू होत नाही. मुंबईत काम करणाऱ्या डिझायनरच्या टेबलावर दोन्ही लिप्या रोज येतात, म्हणून हा धागा काढतोय. इथे लोअर परळमध्ये ज्युनियर्सना जे सांगतो तेच लिहितो. अनुभवी मंडळींनी भर घालावी, चुकत असेन तिथे अडवावं.

पहिली गोष्ट अक्षराच्या उभं राहण्याची. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं असतं. देवनागरी अक्षर वरच्या रेषेला, म्हणजे शिरोरेषेला, लटकलेलं असतं. हे सगळे सांगतात, पण त्याचे परिणाम कोणी नीट सांगत नाही. शिरोरेषेखाली अक्षराचं अंग, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, चंद्र. अंगाखाली उकार, ऋकार, हलन्त आणि 'ठ्ठ', 'ड्ढ' यांसारखी एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं. म्हणजे एका ओळीत खरं तर तीन मजले आहेत. 'विद्यार्थ्यांसाठी' या शब्दात शिरोरेषेवर काय काय चाललंय ते एकदा मोठं करून बघा. आता त्याच्या वरच्या ओळीत 'क्रूर' किंवा 'हृदय' आलं तर?

म्हणून ओळींमधलं अंतर. पानं लावायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन स्वतःहून अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के लेडिंग, म्हणजे हे अंतर, देतं. १२ पॉइंटला १४.४. रोमनला ते चालून जातं, मराठीला बहुतेक फॉन्टमध्ये ते कोंदट होतं. मजकुरासाठी १४० ते १६० टक्क्यांच्या दरम्यान बघायला सुरुवात करा. ११ पॉइंटचा मजकूर असेल तर १६ किंवा १७. आकडा पाठ करू नका, कारण प्रत्येक फॉन्टमध्ये मात्रांची उंची वेगळी असते. परिच्छेदातली सगळ्यांत वाईट जोडी शोधा, म्हणजे जिथे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार समोरासमोर आलेत ती जागा, आणि तिथे श्वास घ्यायला जागा राहील एवढं अंतर ठेवा. शीर्षक दोनच ओळींचं असेल आणि त्यात असा प्रसंग येत नसेल तर अंतर खुशाल कमी करा, तिथे घट्ट ओळी छान दिसतात.

दुसरी गोष्ट आकाराची. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ओळींना २४ पॉइंट दिले म्हणजे त्या सारख्या झाल्या असं नाही. त्याच २४ पॉइंटांत देवनागरीला वरच्या आणि खालच्या मजल्यांसाठी जागा राखावी लागते, त्यामुळे अक्षराचं मूळ अंग लहान पडतं. दोन वेगळ्या फॉन्टांची जोडी लावताना हे हमखास होतं. आकड्याकडे बघू नका, अंगाकडे बघा. माझी पद्धत अशी: शिरोरेषा रोमनच्या छोट्या अक्षरांच्या माथ्यापेक्षा थोडी वर आणि कॅपिटलच्या माथ्यापेक्षा थोडी खाली येईपर्यंत रोमन लहान करत जायचं. रोमन लहान करायचं, मराठी ताणायचं नाही. आणि हे करायचं तर मराठी ओळ आधी लागलेली हवी. माझं या धाग्यातलं मुख्य म्हणणं हेच आहे. अंतर, आकार, जाडी हे तिन्ही निर्णय देवनागरीवर घ्या, मग तिच्याशी जुळणारं रोमन शोधा. उलटं केलंत तर मराठी ओळ कायम उरलेल्या जागेत कोंबलेली दिसेल.

तिसरी, अक्षरांमधली मोकळीक. रोमन कॅपिटल्सना ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधली जागा, वाढवलं की रुबाब येतो. तेच मराठीला केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. काही फॉन्ट थोडं ताणलं तरी सांभाळून घेतात, बहुतेक घेत नाहीत. ट्रॅकिंग शून्य ठेवा. मोकळं दिसायला हवं असेल तर मुळात रुंद बांध्याचा फॉन्ट निवडा.

जोर देण्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे कॅपिटल नाहीत आणि तिरप्या अक्षरांची परंपराही नाही. सॉफ्टवेअरने जबरदस्तीने तिरपी केलेली देवनागरी कृपा करून वापरू नका. जाडी, आकार, रंग आणि जागा, एवढ्यावर सगळं साधतं. जाडी वाढवताना 'क्ष', 'ण', 'श्र', 'ह्म' यांच्या पोटातली पांढरी जागा बघा. ठळक वजनात, म्हणजे जाड रेघांच्या फॉन्टमध्ये, तीच आधी बुजते. छोट्या आकाराला अतिठळक फॉन्ट म्हणूनच वाचवत नाही.

टिंबटिंब

धन्यवाद दादा, वाचनखूण साठवली. मी उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आहे. एक अगदी प्राथमिक अडचण आहे. इलस्ट्रेटरमध्ये 'शिबिर' टाइप केलं की वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडलेली दिसतात. फॉन्ट बदलून पाहिला, तरी तेच. वर्गातल्या एका मुलाने सांगितलं की श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून आण, तिथे बरोबर येतं. ते करावं का?

काळीशाई

टिंबटिंब, फॉन्ट बिचारा निर्दोष आहे. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स' सुरू कर, मग परिच्छेदाच्या पॅनेलमधून 'वर्ल्ड-रेडी कम्पोजर' निवड. कम्पोजर म्हणजे सॉफ्टवेअरमधला अक्षरं ओळीत मांडणारा भाग. इनडिझाइनमध्येही तोच कम्पोजर परिच्छेदाच्या मेनूत सापडेल. मुद्दा असा की युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकावर साठवायच्या आजच्या सामाईक पद्धतीत, 'शि' म्हणजे आधी श आणि मग वेलांटी अशीच साठवण असते. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणं, जोडाक्षर घडवणं हे काम फॉन्टमधले नियम आणि सॉफ्टवेअर मिळून करतात. साधा कम्पोजर ते नियम चालवतच नाही.

श्रीलिपी, आकृती वगैरेंच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असत. म्हणून ते कुठेही 'बरोबर' दिसतात. पण तोच मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की चिन्हांचा कचरा होतो. शोधता येत नाही, वेबवर टाकता येत नाही. मुंबईतल्या बऱ्याच प्रेस आणि डीटीपीवाल्यांकडे अजून जुन्या फाइली त्यातच आहेत, त्यामुळे त्याची ओळख असू दे. नवीन काम मात्र युनिकोडमध्येच कर.

जुळारी

काळीशाई, फार मनापासून लिहिलं आहेत. मी गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचो. तुम्ही ओळीचे तीन मजले म्हणालात ते आम्ही बोटांनी अनुभवायचो, म्हणून थोडं लिहितो.

देवनागरीचे खिळे पाडण्याच्या मुख्य दोन पद्धती होत्या, डिग्री आणि अखंड. डिग्रीत वरची मात्रा, मधलं अक्षर आणि खालचा उकार हे वेगवेगळ्या खिळ्यांचे थर एकावर एक रचावे लागत. अखंडात अक्षर सलग एका अंगाच्या खिळ्यावर येई. दिसायला अखंड देखणा, कारण थरांमधल्या फटी नसत. पण त्यासाठी खिळ्यांच्या नाना तऱ्हा लागत आणि केस, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, केवढ्या तरी मोठ्या होत. इंग्रजी जुळवणाऱ्याच्या समोर दोन केस, मराठीवाल्याच्या समोर आणि दोन्ही बाजूंना केसच केस. अखंडात अंगाबाहेर आलेली मात्रा नाजूक असे, दाबाखाली टवका उडायचा. ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचो. मराठीला किती जाडीची पट्टी घालायची हे कोणी शिकवलं नाही, वरची आणि खालची ओळ एकमेकींना घासली की प्रूफात, म्हणजे तपासणीच्या छापात, दिसायचंच.

मुंबईने या लिपीसाठी काय केलंय हे नव्या मुलांना माहीत असावं असं फार वाटतं. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये इथे शिळाछापावर पंचांग छापलं. पुढे स्वतःच्या छापखान्यासाठी त्यांनी अक्षरं पाडून घेतली. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना सुरू केला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचा टाइप आजही जुन्या संस्कृत पोथ्यांमध्ये आणि काव्यग्रंथांमध्ये बघायला मिळतो. राणूजी आरूंनी पोलादावर हाताने कोरलेली ती अक्षरं आहेत. एखादं जुनं पुस्तक हाती लागलं तर भिंगातून 'क' आणि 'अ' बघा. गाठ कुठे जाड होते, रेघ कुठे बारीक होते, काना कसा संपतो. बोरूची जीभ देवनागरीसाठी ज्या तिरक्या कोनात कापतात तो रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे जाड-बारीकाचा तोलही रोमनपेक्षा वेगळा पडतो. टाइप करणाऱ्याने हे सोडलं की अक्षर परकं दिसायला लागतं, मग फॉन्ट कितीही महाग असो.

वाचायला काही हवं असेल तर बापूराव नाईकांचं 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' शोधा. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये काढलं. ते स्वतः शासकीय मुद्रणाचे संचालक होते, त्यामुळे त्यातली माहिती छापखान्यातून आलेली आहे. ग्रंथालयात बसून चाळावं असं पुस्तक.

पाटीवाली

जुळारी काका, बोरूबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. आमचं काम दुकानांच्या पाट्यांचं. दादर, माटुंगा, घाटकोपर या पट्ट्यात. काळीशाई, तुमचा 'आधी मराठी' हा मुद्दा आमच्याकडे आता नियमच आहे, त्याबद्दल लिहिते.

दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरी आधी, आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. त्या दोन महिन्यांत मुंबईत ज्या घाईने पाट्या बदलल्या गेल्या त्याचे परिणाम अजून रस्त्यावर दिसतात. जुन्या इंग्रजी लोगोच्या वर उरलेल्या पट्टीत मराठी नाव आडवं ताणून बसवलेलं. शिरोरेषा बारीक काडीसारखी, काने भिंतीसारखे जाड. मला हे बघवत नाही. नियम पाळला गेला आणि अक्षर मेलं.

अक्षर 'लहान नसावं' म्हणजे काय मोजायचं, हा प्रश्न गिऱ्हाईक दर वेळी विचारतं. आम्ही शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंतची उंची मोजतो आणि ती इंग्रजी कॅपिटलच्या उंचीइतकी किंवा जास्त ठेवतो. मात्रेच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंत मोजलं तर कागदावर उंची भरते, रस्त्यावरून मात्र मराठी बारीकच दिसते. नव्या मुलांनी ही पळवाट शिकू नये. वेलांटी आणि उकार मिळून पाटीची बरीच उंची खातात, म्हणून पाटीचं माप घेतानाच मराठी नाव लिहून बघा. 'श्री गुरुकृपा' आणि 'अमर' यांना एकच पट्टी पुरणार नाही.

अंतराचा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशोब: वाचणारा जितका लांब, त्याच्या दर १० फुटांना साधारण १ इंच अक्षर. ४० फुटी रस्त्याच्या पलीकडून वाचायचं असेल तर अंग ४ इंच तरी हवं. देवनागरीत जोडाक्षरं गुंतागुंतीची, त्यामुळे मी त्याहून थोडं जास्तच धरते. आणि आतून उजळणाऱ्या अक्षरांची पाटी असेल तर पांढरा प्रकाश पसरतो, 'ह्म' आणि 'ण' यांची पोटं भरून जातात. त्यासाठी एक वजन हलका फॉन्ट घ्यावा.

नभा_अंधेरी

चांगला धागा. पण काळीशाई, 'आधी मराठी, मग रोमन' हे प्रत्यक्षात किती ठिकाणी शक्य आहे? मी ॲप आणि वेबसाइटचं काम करते. ब्रँडचा रोमन फॉन्ट ठरून, विकत घेऊन, वापरात येऊन मग आमच्याकडे 'आता मराठी आवृत्ती काढा' असं येतं. मुंबईतली निम्मी कामं तरी अशीच असावीत. तेव्हा नव्या मुलांना असं सांगायला हवं की ठरलेल्या रोमनशी जुळणारी देवनागरी कशी शोधायची. नाहीतर ती नोकरीत पहिल्याच आठवड्यात अडकतील.

आणि वेबची भर घालते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे लँग ॲट्रिब्यूटमध्ये एम-आर. हिंदीचा कोड राहिला, किंवा काहीच नोंदवलं नाही, तर बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. फॉन्टमध्ये मराठी वळण असतं, पण भाषा कळल्याशिवाय ते बाहेर येत नाही. इनडिझाइनमध्येही अक्षरांच्या पॅनेलमध्ये भाषा मराठी करावी लागते. शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची वळणं ठरवली आहेत, २०२२ मध्ये ती पुन्हा सांगितली. सरकारी काम करणाऱ्यांनी हे बघितलंच पाहिजे.

काळीशाई

नभा, रास्त आहे. ब्रँडचा रोमन बदलता येत नाही, मान्य. तिथेही मी मागे हटणार नाही अशी एक गोष्ट आहे: फॉन्ट ठरलेला असला तरी रोमनचा आकार आणि ओळींचं अंतर ठरलेलं नसतं. ॲपमध्ये बटणाची उंची इंग्रजी शब्दावरून ठरवतात आणि मग 'पुढे चला' मधला उकार खालच्या कडेला कापला जातो. घटकाची उंची, ओळीचं अंतर हे दोन आकडे मराठी मजकूर टाकून ठरवावेत, इंग्रजी त्यात आपोआप मावतं. उलट कधीच होत नाही.

जोडी शोधण्याबद्दल. बांधा बघा, म्हणजे रोमनमधला 'ओ' किती गोल आहे आणि देवनागरीतला 'व' किंवा 'ठ' किती गोल. मग रेघेची जाडी, कारण वजनाचं नाव सारखं असलं तरी दोन कंपन्यांचे 'मीडियम' वेगळे निघतात. आणि मग रेघेचा शेवट, गोल की सपाट कापलेला. एवढं जुळलं तरी पुष्कळ. पॉपिन्ससारख्या काही कुटुंबांत दोन्ही लिप्या एकत्र बसवलेल्या असतात, तिथे काम हलकं होतं.

टिंबटिंब

नभाताई, लँगचं आजच कळलं. मी 'शाळा' लिहिलं होतं तेव्हा श वेगळा का दिसतोय ते समजत नव्हतं.

आता फॉन्ट कोणते घ्यावेत? विकत घेणं परवडणारं नाही, आणि टेलिग्रामवर फिरणारे चोरीचे घ्यायचे नाहीत.

नभा_अंधेरी

न घेण्याचा निर्णय उत्तम. ओपन फॉन्ट लायसन्सखाली असलेले भरपूर आहेत, व्यावसायिक कामातही चालतात. मुंबईच्याच एक टाइप या गटाचे मुक्त, बलू, मोदक, अनेक. मुक्त मजकुराला आणि पडद्याला छान, बलू ठळक शीर्षकांना. मोदक तर फक्त खूप मोठ्या आकारात वापरायचा, त्याच्यात पोटातली जागा जवळजवळ शिल्लकच ठेवलेली नाही आणि तीच त्याची गंमत आहे. छापील पुस्तकासारखा मजकूर असेल तर टिरो देवनागरी मराठी बघ, त्याची मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे. नोटो कुटुंबही आहे. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणूही मोफत मिळतात.

फॉन्ट निवडण्याआधी एक ओळ टाइप करून बघायची सवय लाव. मी ही वापरते: 'लालबागच्या शाळेतल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने ॲडमिशनची चिठ्ठी हृदयाशी धरली, ट्रॅफिकमध्ये हॉर्न, शुद्ध श्रीखंड, ऱ्हस्व उकार'. 'दुसऱ्या' मधला ऱ्य नीट येतो का, 'ॲ' च्या जागी चौकोन येतो का, 'ठ्ठ' एकाखाली एक बसतो की पाय मोडतो, 'र्थ्या' मधला रफार काठावर सरकतो का, सगळं एका नजरेत कळतं. 'ॲ' ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीच्या फॉन्टांत तो नसणारच.

जुळारी

ऱ्य बद्दल नभा यांना दुजोरा. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत, एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. ज्या फॉन्टला हा फरक दाखवता येत नाही तो मराठीसाठी बनलेला नाही, मग तो कितीही सुंदर असो.

रघुनाथ कृष्ण जोशींचं नाव इथे यायलाच हवं. जाहिरातक्षेत्रात काम केलं, पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं, कविता लिहिल्या, आणि विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट त्यांनी घडवला. मंगलला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्या वेळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर मराठी वाचता आली पाहिजे या गरजेपोटी तो आलाय, हे लक्षात घेऊन त्याच्याकडे बघावं. पोस्टरवर तो वापरू नका, हेही खरं.

टिंबटिंब

सगळ्यांच्या सूचना वापरून पोस्टर परत केलं. आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिराचं आहे, ए थ्री आकार. वर 'रक्तदान शिबिर' बलूमध्ये ठळक, त्याखाली मुक्तमध्ये तारीख, वेळ, पत्ता आणि तळाला इंग्रजीत तेच. पार्श्वभूमी गडद लाल, अक्षरं पांढरी. मधला मजकूर मी दोन्ही बाजूंनी सरळ केलाय. चित्र जोडलंय, कृपया स्पष्ट सांगा.

पाटीवाली

शीर्षक मस्त बसलंय. लांबून वाचता येईल.

मधला मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ करू नकोस. आपले शब्द लांब, 'रक्तदात्यांसाठी', 'प्रमाणपत्राबरोबरच'. अरुंद रकान्यात एका ओळीत दोनच शब्द मावतात आणि त्यांच्यामध्ये मोठं खिंडार पडतं, तुझ्या तिसऱ्या ओळीत बघ. डावीकडून सरळ ठेव, उजवीकडे मोकळं सोड. ओळ तोडताना अर्थाने तोड. 'सकाळी ९ ते' एका ओळीत आणि 'दुपारी २' खालच्या ओळीत असं झालंय, ते एकत्र आण.

गडद लाल फ्लेक्सवर किंवा कागदावर शाई थोडी पसरते आणि पांढरं अक्षर आतून खाल्लं जातं. छोट्या मजकुराला मुक्तचं रेग्युलर आहे, तिथे मीडियम घे. आकारही दोन पॉइंट वाढव.

काळीशाई

पाटीवाली ताईंशी सहमत. दोन गोष्टी आणखी. इंग्रजी तळाला आहे ती मराठीपेक्षा ठळक दिसतेय, कारण तू सगळी कॅपिटलमध्ये लावली आहेस. साधी छोटी अक्षरं कर आणि आकार ८५-९० टक्क्यांवर आण, मग दोन्ही ओळी एका आवाजात बोलतील.

आकडे. तारीख देवनागरी आकड्यांत आहे आणि फोन नंबर इंग्रजी आकड्यांत. पोस्टरवर फोन नंबर इंग्रजी आकड्यांत ठेवायला माझी हरकत नाही, लोक तो मोबाइलमध्ये तसाच टाकतात. पण वेळ एकदा '९' आणि एकदा रोमन नऊ अशी आलीये, ते नको. बेस्टच्या बसच्या पुढच्या बाजूला मराठी आकडे असायचे, थांब्यावर उभं राहून लांबून ते वाचायची सवय मुंबईकराच्या डोळ्यांना आहे. त्यामुळे मोठे देवनागरी आकडे लोकांना जड जातील ही भीती ठेवू नकोस. तारीख अजून दुप्पट मोठी केलीस तरी चालेल. शिबिराच्या पोस्टरवर वाचणाऱ्याला कधी आणि कुठे एवढंच हवं असतं.

सराव करायचा असेल तर वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती बघत जा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांची अक्षरं वर्षानुवर्षं हाताने घडवली. नाव वाचताच नाटकाचा बाज कळायचा, आणि तरीही प्रत्येक अक्षर स्वच्छ वाचता यायचं. त्यांची जुनी शीर्षकं ट्रेसिंग पेपरवर गिरवून बघ. शिरोरेषा त्यांनी कुठे तोडली, कुठे वाकवली आणि कुठे अजिबात हात लावला नाही, ते हाताला कळेल. शिरोरेषा तोडू नका असं मी वर म्हटलं ते मजकुरासाठी. शीर्षकाचं अक्षर हाताने घडवताना ती तोडता येते, फक्त प्रत्येक शब्द एकसंध वाचला गेला पाहिजे.

टिंबटिंब

सगळं बदलते. छपाईला गिरगावात देणार आहोत. प्रेसवाल्यांनी 'कर्व्ह करून पाठवा' सांगितलंय. म्हणजे फॉन्ट द्यायचा नाही?

पाटीवाली

हो, कर्व्ह केलं की अक्षरं आकार बनून जातात, त्यांच्या मशीनवर तो फॉन्ट असो नसो, वेलांटी हलणार नाही. मराठीच्या कामात हे नेहमीच करावं. पण कर्व्ह करण्याआधी मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेव, नंतर तारीख बदलली तर अक्षर पुन्हा टाइप करता येणार नाही. कर्व्ह केल्यावर एकदा मोठं करून प्रत्येक शब्द वाच. शिरोरेषेचे तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे कधीकधी बारीक पांढरी रेघ दिसते. ती दिसली तर आकार एकत्र जोडून घे, पाथफाइंडरमध्ये युनाइट.

आणि पूर्ण छपाईआधी एक रंगीत प्रूफ मागून घे. ते भिंतीला लाव, दहा पावलं मागे जा आणि मंडळातल्या एखाद्या आजोबांना पत्ता मोठ्याने वाचायला सांग.